मोठं घर, लाईटबिल आणि चौरस फुटांचा चुकीचा गुणाकार

मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि पुनर्विकासात मिळणारं घर ५०० चौरस फुटांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळ सोडून टॉवरमध्ये जाणारं कुटुंब असो, की भाड्याचं वन बीएचके सोडून स्वतःच्या टू बीएचकेत जाणारं, मनातल्या मनात एक हिशोब प्रत्येक जण मांडतो: जागा इतकी पट, म्हणजे लाईटबिलही तितकी पट. हा गुणाकार दोन्ही बाजूंनी चुकतो. काही खर्च जागेबरोबर अजिबात वाढत नाहीत, तर काही जागेपेक्षाही जास्त वाढतात. कोणता खर्च कसा वागेल, हे शाळेतल्या विज्ञानावरून घरबसल्या काढता येतं, आणि ते चाव्या हातात पडण्याआधी काढावं.

वीज चौरस फुटांना लागत नाही. ती यंत्रांना लागते, आणि यंत्रं माणसं वापरतात. चौघांचं कुटुंब मोठ्या घरात गेलं तरी चौघांचंच राहतं. धुणं तेवढंच, वाटण तेवढंच, फ्रीजही बहुधा जुनाच. स्वयंपाकाचा गॅससुद्धा तेवढाच लागतो.

हजार वॉटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट जळतं. साधा पंखा ७५ वॉटचा. तो रोज २० तास फिरला तर महिन्याला ४५ युनिट. छोट्या फ्रीजचे २० धरू, दोन एलईडी ट्यूबचे ७, टीव्हीचे ९, आणि इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन, मोबाईल मिळून १५. चाळीतल्या खोलीची बेरीज झाली ९६. नव्या घरात पंखे तीन लागतील, पण चार माणसं काही दिवसभर तीन खोल्यांत पांगलेली नसतात. सरासरीने दोन पंख्यांचं फिरणं धरलं तर ९० युनिट. दिव्यांचे १२. वायफायचा राऊटर जेमतेम १० वॉटचा, पण तो रात्रंदिवस चालू असतो, त्याचे ७. बाकी सगळं होतं तसं. बेरीज येते १५३. जागा तिपटीहून जास्त झाली, वीज मात्र दीडपटीच्या जरा वर.

मग मोठ्या घरात गेलेल्या ओळखीच्यांची बिलं तिप्पट-चौपट का होतात? जागेबरोबर दोन नवी यंत्रं येतात म्हणून. चाळीत आंघोळीचं पाणी गॅसवर तापायचं, इथे गीझर बसतो. वीस लिटरची बादली १५ अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं. रोजच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला ४२. (गॅसचा खर्च तेवढा उतरतो, हे मात्र हिशोबात धरायचं राहून जातं.) दुसरा पाहुणा एसी. त्याच्या स्टार लेबलवर १६०० तासांच्या वापराचे युनिट छापलेले असतात. तिथे ८०० असेल तर ताशी अर्धं युनिट; रात्रीचे आठ तास चालवला तर महिन्याला १२०. आता बेरीज ३१५ वर गेली. क्षेत्रफळाने वाढवलेले ५७, आणि या दोन यंत्रांनी वाढवलेले १६२.

रुपयांत हा फरक आणखी मोठा दिसतो. वीज बेस्टची असो, अदाणीची, टाटा पॉवरची किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरणची, दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवून देतो आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटं, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्यापुढची. शंभराच्या पुढे एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दराने लागतं, असा पुष्कळांचा समज आहे. तसं होत नाही. पहिली १०० युनिटं स्वस्त दरानेच मोजली जातात, वाढीव तेवढी महाग. पण वाढीव युनिटं कायम वरच्याच टप्प्यात पडतात, म्हणून एसीचं युनिट पंख्याच्या युनिटापेक्षा खिशाला जास्त लागतं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. शिवाय सिंगल फेज (साधी घरगुती जोडणी) सोडून थ्री फेज (जास्त भाराची जोडणी) घेतलं की स्थिर आकार वाढतो, वीज वापरा किंवा वापरू नका. एक एसी आणि एक गीझर असलेल्या घराने थ्री फेजची घाई करू नये. मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला वीज कंपनीने मान्यता दिली आहे, तो आधी बघावा.

एसी किती तास लावावा लागेल, हे मात्र बरंचसं घर ठरवतं, आणि इथे चौरस फुटांपेक्षा दिशा जास्त बोलते. मुंबईत १५ मेच्या सुमाराला शून्य सावली दिवस येतो, कारण दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऐन उन्हाळ्यात मुंबईच्या दक्षिणेकडच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही! सगळा मारा छतावर होतो, आणि दुपारनंतर सूर्य खाली उतरला की पश्चिमेच्या भिंतीवर. ऑक्टोबर हीटमध्ये सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडक्या तापतात. म्हणजे मे महिन्याच्या बिलाच्या दृष्टीने सगळ्यात महाग घर टेरेसखालचं, त्यातही पश्चिमेच्या कोपऱ्यातलं. खाली, वर आणि दोन्ही बाजूंना शेजारी असलेला मधला फ्लॅट आकाराने मोठा असला तरी थंड राहतो, कारण त्याच्या बहुतेक भिंतींच्या पलीकडेही घरच असतं.

भिंत कशाची आहे तेही बघावं. जुन्या चाळींच्या भिंती जाड. नव्या टॉवरमध्ये पुष्कळ ठिकाणी पूर्ण भिंतच काँक्रीटची ओतलेली असते, आणि काँक्रीट विटेपेक्षा उष्णता लवकर आत आणतं. पश्चिमेच्या भिंतीने दुपारी घेतलेलं ऊन आत पोचायला काही तास लागतात, ते नेमकं झोपायच्या वेळेला. जागा बघायला सकाळी अकराला गेलात तर यातलं काहीच कळणार नाही. संध्याकाळी सातला जा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा.

मुंबईच्या एसीला दुसरं एक काम असतं, दमट हवा सुकवण्याचं. हवेतल्या वाफेचं पाणी होताना ती उष्णता सोडते: एका लिटरमागे साधारण ०.६८ युनिटाएवढी. ती उष्णता एसीलाच बाहेर टाकावी लागते. चांगला एसी एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता बाहेर काढतो असं धरलं, तर दर पाच लिटर पाण्यामागे एक युनिट वीज गेली. हे प्रत्यक्ष बघता येतं. एसीच्या ड्रेन पाईपखाली रात्रभर बादली ठेवा आणि सकाळी लिटर मोजा. मग त्याच खोलीच्या दाराखालची फट जुन्या चादरीने बुजवून पुन्हा मोजा. बाहेरची दमट हवा आत शिरणं कमी झालं की बादलीतलं पाणीही कमी होतं. ओपन किचनला लागून असलेल्या हॉलमध्ये एसी बसवायचा विचार असेल तर या हिशोबानंतर तो पुन्हा करावा, कारण कुकरच्या प्रत्येक शिट्टीची वाफ त्या एसीच्या वाट्याला येते.

टॉवरच्या मेन्टेनन्सची धास्ती चाळकऱ्यांना वाजवी कारणाने वाटते, पण दोष चुकीच्या ठिकाणी दिला जातो. "चाळीस मजले पाणी चढवायचं म्हणजे केवढी वीज!" असं हमखास ऐकू येतं. मोजून बघू. हजार लिटर पाणी १२० मीटर उचलायला पाऊण युनिटही लागत नाही, तेही निम्मी वीज पंपात वाया गेली असं धरून. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने चौघांच्या कुटुंबाला महिन्याला १६,२०० लिटर पाणी लागतं; ते वर चढवायला दहा-अकरा युनिट. एका कुटुंबाच्या वाट्याला एका राऊटरहून थोडी जास्त वीज! पैसा जातो तो लिफ्टच्या देखभाल करारात, आगीच्या यंत्रणेत, जनरेटरमध्ये, सुरक्षारक्षकांच्या पगारात. म्हणून सर्वसाधारण सभेत विजेपेक्षा या करारांवर प्रश्न विचारावेत.

सोसायटीच्या बिलातही सगळं क्षेत्रफळावर चालत नाही. राज्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवा शुल्क प्रत्येक सदनिकेला सारखं असतं, घर लहान असो की मोठं. पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार यांवर वाटला जातो; दुसऱ्या बाथरूमने तो वाढतो. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) मात्र तुमच्या सदनिकेच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.७५ आणि ०.२५ टक्के, म्हणजे तिथे मोठ्या घराला जास्त द्यावं लागतं. आणखी एक रेघ लक्षात ठेवावी: मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४८० वरून ६०० चौरस फुटांवर गेलात की ही माफी संपते.

जुन्या मालकाकडून किंवा भाडेकरूकडून गेल्या बारा महिन्यांची बिलं मागून घ्या, आणि त्यातले रुपये सोडून युनिटं बघा. त्यांच्या घरात माणसं किती होती, एसी किती होते, हेही विचारा. मे आणि जानेवारी यांच्यातला फरक म्हणजे बहुतेक त्या घराचा एसी. घर अगदी नवं असेल तर अशी बिलं नसतात, पण मीटर असतो.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. शेजारी लिहिलेलं असतं की किती वेळा लुकलुकला की एक युनिट, समजा ३२००. मग प्रत्येक लुकलुकीमागे ११२५ ज्यूल ऊर्जा गेली. दोन लुकलुकींत पाच सेकंदं गेली तर घर त्या घडीला २२५ वॉट खातंय. एकाने खाली मीटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने वर एकेक बटण दाबायचं, आणि फोनवर बोलत सेकंदं मोजायची. अर्ध्या तासात घरातल्या प्रत्येक यंत्राची भूक कागदावर येते, दुकानदाराने सांगितलेली नव्हे, खरीखुरी. शेवटी वरचा मेन स्विच पाडायचा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर मीटर ते घर या पट्ट्यात कुठे तरी वीज गळतेय, किंवा दुसऱ्या कुणाची लाइन तुमच्या मीटरवर जोडली गेली आहे. अशा वेळी परवानाधारक वायरमनला बोलवावं, आणि हे काम सामान लावण्याआधी उरकावं. भिंतीला कपाट बसलं की त्यामागचा बोर्ड उघडता येत नाही.