पंचनामा झाला म्हणजे विम्याचा क्लेम झाला असं नाही

वळवाचा तडाखा बसून गेला की पुण्याच्या आसपास एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तलाठी फोटो काढून गेलेत, आता विम्याचे पैसे येतील.’ याच्या उलटही घडतं. विमा कंपनीने पाठवलेला सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करणारा, शिडी लावून मापं घेऊन गेला, म्हणून घरमालक तहसील कार्यालयाकडे फिरकतच नाही. दोघंही फोटो काढतात, दोघंही उडालेले पत्रे मोजतात, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. पण या दोन कागदांचा एकमेकांशी संबंध फार थोडा आहे.

पंचनामा हा महसूल खात्याचा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, जागेवर येतात, काय पडलं-मोडलं ते लिहितात आणि पंचांच्या सह्या घेतात. अमुक तारखेला, अमुक घराचं, नैसर्गिक आपत्तीत साधारण इतकं नुकसान झालं, एवढंच त्यातून ठरतं. त्यावरून सरकारी मदत मिळते आणि तिचे दर आधीच बांधलेले असतात. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत, तेही पडझड किमान १५ टक्के असेल तर. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये. शिवाय घर अधिकृत बांधकाम असावं, अशी अट आहे. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळा निर्णय काढून जास्त देतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि घाट ओलांडून मावळ, मुळशी, जुन्नरकडची छपरंही उडवून गेलं, तेव्हा नेहमीपेक्षा जास्त मदत जाहीर झाली होती.

तरीही हिशेब करून पाहा. धायरीतल्या एखाद्या बैठ्या घरावरचे निम्मे पत्रे गेले आणि दुरुस्तीचा खर्च समजा ९०,००० आला, तर ६,५०० रुपयांत मजुरीसुद्धा निघणार नाही. ही मदत घर पूर्ववत करण्यासाठी नसतेच. संकटात पहिला हात म्हणून ती दिलेली असते. म्हणून पंचनाम्यात पत्र्याचा गेज किंवा पाइपची जाडी लिहिली नाही म्हणून तलाठ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांच्या कामाला ती माहिती लागत नाही.

सर्व्हेअरला मात्र लागते. तो विमा नियामकाचा, म्हणजे आयआरडीएआयचा, परवाना असलेला स्वतंत्र माणूस असतो. त्याची फी कंपनी देते, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नसतो. घराचा क्लेम एक लाखाच्या वर असेल तर त्याचा रिपोर्ट कायद्याने आवश्यक आहे. त्याखालच्या रकमेचा निर्णय कंपनी स्वतःची माणसं पाठवून किंवा फोटोंवरूनही घेऊ शकते. सर्व्हेअरला तीन गोष्टी ठरवायच्या असतात: नुकसान पॉलिसीत लिहिलेल्या कारणाने झालं का, ती वस्तू पॉलिसीत आहे का, आणि दुरुस्तीला खरा खर्च किती. १५ टक्क्यांची रेघ इथे नाही. दोनच पत्रे गेले असले तरी क्लेम करता येतो.

खरी मेख पहिल्या गोष्टीत आहे. वादळाचं नुकसान विम्यात बसतं, वर्षानुवर्षांची झीज बसत नाही. आणि छप्पर खोटं बोलत नाही. वारा छप्पर खाली दाबण्यापेक्षा वर ओढतो. ही ओढ कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते, म्हणून वादळात पहिल्यांदा वळचणीचे पत्रे जातात. कडेची रांग जागच्या जागी शाबूत आणि मधल्याच पत्र्याला भोक, असं दिसलं की सर्व्हेअर वाकून बघणारच. मग तो बोल्टच्या भोकांकडे जातो. ताज्या फाटीची धार चकचकीत असते, जुनी भोकं तांबूस गंजलेली आणि रुंदावलेली असतात. सिमेंटच्या पत्र्याची नवी चीर आतून स्वच्छ दिसते, जुनीत शेवाळ आणि धूळ बसलेली असते. पेठांतल्या जुन्या वाड्यांवर मंगलोरी कौलं असतात. तिथे कौलं सरकली वाऱ्याने, पण वासे आणि रिपा आधीच कुजलेल्या होत्या, असा मिश्र प्रकार बऱ्याचदा निघतो. अशा वेळी कौलांचे पैसे मिळतात आणि वाशांवरून घासाघीस होते. माझ्या मते त्यात सर्व्हेअरला दुष्ट ठरवण्यासारखं काही नाही. पण आदल्या वर्षी छप्पर दुरुस्त केल्याची पावती किंवा चांगल्या स्थितीतला जुना फोटो असेल, तर त्या घासाघिशीत तुमचं पारडं जड होतं.

मग पंचनामा विम्यात निरुपयोगी का? तसंही नाही. त्या दिवशी त्या भागात वादळ झालं याला तो आधार देतो. अग्निशामक दलाने झाड हटवलं असेल तर त्यांचा दाखला, शिवाजीनगरच्या हवामान खात्याची नोंद आणि वर्तमानपत्रातली बातमी यांचंही तेच काम. मात्र रक्कम यांपैकी कशावरूनच ठरत नाही. एक अर्ज केला म्हणून दुसरा बंद होतो, हाही गैरसमजच.

आता त्या रात्रीचं. ताडपत्री कधी टाकायची, यावर लोक उगाच अडतात. ‘साहेब बघेपर्यंत काही हलवू नका’ हा शेजाऱ्यांचा सल्ला अर्धाच खरा आहे. पाऊस आत येत असेल तर तो थांबवणं हे विमाधारकाचंच काम आहे. न थांबवल्यामुळे वाढलेल्या नुकसानीवर कंपनी बोट ठेवू शकते. आधी चारही बाजूंनी फोटो, आढ्याचा आणि बोल्टचा जवळून फोटो, मग खुशाल ताडपत्री. फक्त तुटलेले पत्रे, हुक आणि वाकलेले पाइप भंगारवाल्याला देऊ नका. ते अंगणात पडू द्या, तलाठी आणि सर्व्हेअर दोघांनाही दाखवायचे आहेत. कंपनीला फोन त्याच दिवशी, तलाठ्यांना खबर पाऊस ओसरताच. भारत गृह रक्षा या घराच्या विम्याच्या, १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांत एकसारख्या असलेल्या पॉलिसीत क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. त्यात मलबा हटवण्याचा खर्च क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. हे कोणी आपणहून सांगत नाही, मागावं लागतं.

तुमची पॉलिसी घराचीच आहे याची खात्रीही एकदा करून घ्या. बँकेने गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. तो छपराचा एक पत्राही भरून देत नाही.

सोसायट्यांचं दुखणं निराळं. गच्ची सामाईक, म्हणून गळती थांबवायला तिच्यावर टाकलेली पत्र्याची शेड उडाली तर क्लेम सोसायटीच्या पॉलिसीवर करायचा. ती शेड मंजूर नकाशात असतेच असं नाही, आणि पॉलिसीत लिहिलेली असेलच असंही नाही. नूतनीकरणाच्या वेळी सेक्रेटरींना हे विचारायचं. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाणी शिरून टीव्ही, कपाटं गेली असतील, तर ती तुमच्या स्वतःच्या पॉलिसीतली बाब. भारत गृह रक्षात इमारतीचा विमा घेतला की घरातलं सामानही विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप धरलं जातं.

तक्रारीच्या वाटाही वेगळ्या. पंचनाम्यात तुमचं घर सुटलं किंवा टक्केवारी कमी लागली, तर अर्ज तहसीलदारांकडे, आणि तोही लवकर, कारण मदतीच्या याद्या एकदा वर गेल्या की नाव घालणं अवघड होतं. विम्याचा निर्णय पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात.