वादग्रस्त प्रसिद्धी आणि अल्बमविक्री

वादग्रस्त प्रसिद्धी आणि अल्बमविक्री : एखादे बेफिकीर वाक्य, मंचावरचे वर्तन, अटक किंवा खटला अशा गाण्याबाहेरच्या कारणाने कलावंताचा बोभाटा झाला, की त्याच्या अल्बमच्या खपावर होणारा परिणाम. ‘बदनामीनेही नावच होते’ हे संगीत-व्यवसायातले आवडते सूत्र आहे आणि ते निम्मेच खरे आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील प्रकरणे शेजारी ठेवली, तर अपराधाच्या आकारावरून खपाचा अंदाज बांधता येत नाही असे दिसते. पाहावे लागते ते एवढेच, की रागावलेले लोक आणि पैसे मोजणारे लोक एकच आहेत का, आणि गाणे श्रोत्यापर्यंत नेणारी वाट कोणाच्या हातात आहे.

पहिल्या प्रश्नाचे ठळक उदाहरण बीटल्स या ब्रिटिश गटाचे. आपण येशूपेक्षा लोकप्रिय झालो आहोत, हे गटातील जॉन लेननचे विधान मार्च १९६६ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात छापले गेले तेव्हा ब्रिटनमध्ये कोणी फारसे लक्ष दिले नाही. उन्हाळ्यात ते एका अमेरिकन मासिकात आले आणि दक्षिणेकडील राज्यांत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. त्याच ऑगस्टमध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ प्रसिद्ध झाला आणि अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. रेकॉर्ड जाळायची तर ती आधी विकत घेतलेली असावी लागते, ही गंमत होळी पेटवणाऱ्यांच्या ध्यानात आली नसावी.

पंक या बंडखोर रॉक संगीताची तर विक्रीच शिष्ट समाजाच्या नाराजीवर चाले. सेक्स पिस्टल्सचे राणीची खिल्ली उडवणारे गाणे १९७७ साली राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात आले. बीबीसीने ते वाजवण्यास नकार दिला, तरी ते ब्रिटनच्या अधिकृत खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षीचा त्यांचा अल्बम शीर्षकातील शब्दामुळे कोर्टात गेला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावरही गेला. फ्लोरिडातील ‘टू लाइव्ह क्रू’ या रॅप गटाचा १९८९ चा अल्बम जून १९९० मध्ये संघीय न्यायाधीशाने अश्लील ठरवला, तो विकणाऱ्या दुकानदाराला अटक झाली. १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल फिरवला. अल्बमच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. मात्र तो निकालाआधीपासूनच जोरात खपत होता, त्यामुळे सगळे श्रेय न्यायाधीशांना देणे बरोबर नाही.

उलट टोकाला अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक जेरी ली लुइस. मे १९५८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना त्याची बायको तेरा वर्षांची आणि नात्यातली आहे हे पत्रकारांना कळले. दौरा अर्धवट सुटला आणि एका रात्रीचे दहा हजार डॉलर घेणारा हा गायक अडीचशेवर आला. त्या काळी रॉक-अँड-रोल ऐकणारी पोरे पॉकेटमनीवर जगत होती, रेडिओ आणि सभागृहे मात्र त्यांच्या आईबापांच्या पिढीच्या हातात होती. दहा वर्षांनी लुइस कंट्री संगीतात (अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण वळणाच्या लोकप्रिय संगीतात) जाऊन पुन्हा उभा राहिला.

वाट कोणाच्या हातात, हा दुसरा प्रश्न समजून घ्यायला डिक्सी चिक्स या अमेरिकन कंट्री गटाचे प्रकरण सर्वांत उपयोगी आहे. १० मार्च २००३ रोजी, इराकवरील हल्ल्याच्या तोंडावर, लंडनमधील कार्यक्रमात गटाची गायिका नॅटली मेन्स म्हणाली, की अमेरिकेचे अध्यक्ष टेक्सासचे आहेत याची आम्हाला लाज वाटते. ती स्वतः टेक्सासची. त्या वेळी गटाचा ‘होम’ हा अल्बम तेजीत होता. काही दिवसांत कंट्री रेडिओने त्यांची गाणी काढून टाकली. ‘लँडस्लाइड’ हे गाणे अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत एका आठवड्यात १० व्या क्रमांकावरून ४३ व्या क्रमांकावर घसरले. लुइझियानात त्यांच्या सीडी जमिनीवर अंथरून त्यांवरून ट्रॅक्टर फिरवण्यात आला (पुन्हा, आधीच विकलेल्या सीडी).

यात श्रोत्यांचा राग होता, पण तेवढाच नव्हता. १९९६ च्या अमेरिकन दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरील मर्यादा सैल केल्यावर शेकडो केंद्रे मोजक्या कंपन्यांकडे गेली होती. त्यांतील एका कंपनीने आपल्या सगळ्याच कंट्री केंद्रांवर या गटाला बंदी घातली, आणि त्याचा जाब तिच्या प्रमुखाला त्याच जुलैत सिनेटच्या समितीपुढे द्यावा लागला. कंट्री संगीतात नवे गाणे कळण्याचा रस्ता तेव्हा रेडिओच होता. तो बंद झाला की दुकानात सीडी असूनही नसल्यासारखी.

तीन वर्षांनी त्यांनी ‘टेकिंग द लाँग वे’ काढला. कंट्री केंद्रांनी तो जवळपास वाजवलाच नाही, तरी पहिल्याच आठवड्यात सुमारे ५ लाख २६ हजार प्रती खपून तो पहिल्या क्रमांकावर आला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये त्याला पाच ग्रॅमी हे संगीत-पुरस्कार मिळाले. दरम्यान युद्धाबद्दलचे अमेरिकनांचे मत बदलले होते आणि ग्राहकही बदलला होता. मात्र दौऱ्यात दक्षिणेकडील काही शहरांतले कार्यक्रम तिकिटे न खपल्याने रद्द करावे लागले. अल्बम तरला, घरचा प्रेक्षक गेला तो गेलाच. एकाच वादाची ही दोन उत्तरे आहेत, आणि एका आकड्यात ती बसवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे.

अठरा वर्षांनी त्याच कंट्री संगीतात चित्र नेमके उलटे झाले. गायक मॉर्गन वॉलेनचा तीस गाण्यांचा ‘डेंजरस’ जानेवारी २०२१ मध्ये आला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला वॉलेन कृष्णवर्णीयांसाठीची शिवी देत असल्याची चित्रफीत बाहेर आली. मोठ्या रेडिओ साखळ्यांनी त्याची गाणी थांबवली, रेकॉर्ड कंपनीने करार स्थगित केला, पुरस्कार समित्यांनी दार लावले. अल्बमची विक्री त्या आठवड्यात वाढली. तो सलग दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि स्ट्रीमिंग धरून त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम ठरला. चाहत्यांनी डाउनलोड विकत घेणे हाच निषेध मानला. आता रेडिओ बंद केला तरी फोन चालू होता. वॉलेनचे कृत्य मेन्सच्या वाक्यापेक्षा सौम्य होते असे कोणी म्हणणार नाही. फरक वाटेचा होता, आणि रागावलेले लोक त्याचे गिऱ्हाईक नव्हते याचाही.

वाट अडवणाऱ्याची मर्जी कशी चालते, हे पॉप गायिका जॅनेट जॅक्सनच्या वाट्याला आलेल्या प्रसंगात दिसते. १ फेब्रुवारी २००४ च्या सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात सहगायक जस्टिन टिंबरलेकने तिच्या पोशाखाचा भाग ओढला आणि क्षणभर तिचे स्तन उघडे पडले. दोन महिन्यांनी आलेला तिचा ‘डमिटा जो’ पहिल्या आठवड्यात ३ लाख ८१ हजारांवर थांबला. आधीच्या अल्बमने २००१ मध्ये सहा लाखांचा टप्पा ओलांडला होता. टिंबरलेकचा पुढचा अल्बम २००६ मध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला. प्रसंग एक, माणसे दोन. किंमत मोजली ती कृष्णवर्णीय स्त्रीने. याला बाजाराचा कौल म्हणणे फार भोळेपणाचे होईल.

गंभीर गुन्ह्यांतही खप लगेच कोसळतो असे नाही. अमेरिकन गायक आर. केलीवर जून २००२ मध्ये बालकांच्या लैंगिक चित्रणाचे आरोप दाखल झाले. फेब्रुवारी २००३ मधला त्याचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. २०१८ मध्ये स्पॉटिफाय या स्ट्रीमिंग सेवेने त्याला आपल्या प्लेलिस्टांतून वगळले आणि काही आठवड्यांतच ते धोरण मागे घेतले. जानेवारी २०१९ मध्ये पीडितांच्या मुलाखतींची दूरचित्रवाणी मालिका आल्यावर त्याची गाणी आधीपेक्षा जास्त ऐकली गेली. थोड्याच दिवसांत रेकॉर्ड कंपनीने त्याला सोडले, सप्टेंबर २०२१ मध्ये तो दोषी ठरला. आधी संपले ते करार आणि कार्यक्रम. ऐकणे सर्वांत शेवटपर्यंत टिकले.

मोजणीची पद्धतही इथे गोंधळ वाढवते. अमेरिकेत १९९१ पासून दुकानातील प्रत्यक्ष विक्री संगणकावर नोंदली जाऊ लागली आणि २०१४ च्या अखेरीस स्ट्रीमिंगचे रूपांतर ‘अल्बम’ मध्ये होऊ लागले. त्यामुळे चुकचुकत, केवळ कुतूहलाने ऐकलेले गाणेही कलावंताच्या खात्यावर चढते. न ऐकणाऱ्याचा बहिष्कार मात्र कुठे दिसत नाही.

याविषयीचा एक नेटका अभ्यास पुस्तकांवरचा आहे. बर्जर, सोरेन्सन आणि रासमुसेन यांनी २०१० मध्ये दाखवले, की न्यू यॉर्क टाइम्समधील वाईट परीक्षणाने नावाजलेल्या लेखकांचा खप सुमारे १५ टक्क्यांनी घटतो, तर अनोळखी लेखकांचा ४५ टक्क्यांनी वाढतो. टीका काय होती हे वाचक विसरतात, नाव ध्यानात राहते. संगीताला हे जसेच्या तसे लावता येत नाही, कारण परीक्षण आणि अटक यांत अंतर आहे. पण नवख्यांना वाद का परवडतो, हे त्यातून कळते.

भारतात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. इथे अल्बम म्हणजे बहुधा चित्रपटाची गाणी. ती गायकाच्या नावावर कमी आणि नट, संगीतकार, चित्रपट यांच्या नावावर जास्त खपत आली. शिवाय कॅसेटच्या काळात चोरट्या प्रतींचा इतका सुळसुळाट होता, की खपाचे आकडे जपूनच घ्यावे लागतात. वाट अडवण्याची ताकद इथे दीर्घकाळ सरकारकडे होती. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, किशोरकुमारने सरकारी कार्यक्रमाला नकार दिल्यावर त्याचा आवाज आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून काढण्यात आला. चित्रपटगृहांतून तो ऐकू येतच राहिला.

१९९३ च्या ‘खलनायक’मधील ‘चोली के पीछे’ या गाण्याच्या वेळी कॅसेट चित्रपटाच्या आधी बाजारात होती, आणि वाद नेमका त्या मधल्या महिन्यांत पेटला. गाणे अश्लील असल्याची तक्रार दिल्लीच्या न्यायालयात गेली, दूरदर्शन आणि आकाशवाणीने ते बंद केले. नायक संजय दत्त एप्रिलमध्ये मुंबई बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात अटकेत गेला होता, तो बोभाटा वेगळाच. न्यायालयातली तक्रार फेटाळली गेली, चित्रपट ऑगस्टमध्ये लागला आणि चालला. पुढच्या वर्षी अलका याज्ञिक आणि इला अरुण यांना याच गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.