प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी (बडोदे)

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याच्या गुन्ह्याची दखल घेणे, प्राणी ताब्यात घेणे, खटला भरणे आणि निकाल लागेपर्यंत प्राण्याचा सांभाळ करणे, या कामांची विविध यंत्रणांमधील वाटणी. हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत (नोंद १७) येतो. त्यामुळे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो. अंमलबजावणी शहर व जिल्हा पातळीवर होते. या नोंदीत ती बडोदे (वडोदरा) शहराच्या संदर्भात पाहिली आहे.

बडोदे संस्थानात प्राण्यांच्या झुंजी हा दरबारी करमणुकीचा मान्य भाग होता. पाणीगेट भागातील आगडात (भिंतींनी वेढलेल्या झुंजीच्या मैदानात) साठमारी, म्हणजे माणसांची हत्तीशी झुंज, होई. मस्तीतल्या हत्तीला साठमार भाल्यांनी डिवचीत आणि तो अंगावर आला, की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटत. माणूस शिरेल पण हत्ती अडेल एवढीच ती दारे असत. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६–७०) आलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने हत्तींच्या व गेंड्यांच्या झुंजींचे सविस्तर वर्णन केले आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवे एडवर्ड) यांच्यापुढेही अशा झुंजी झाल्या. त्यानंतरही पाहुण्यांच्या मानासाठी त्या अधूनमधून होत राहिल्या असाव्यात. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला १८९० चा कायदा संस्थानाला आपोआप लागू नव्हता. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सध्याचा केंद्रीय अधिनियम (प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियम, १९६०) झाला. १९५० च्या दशकात नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेले खासगी विधेयक हे त्याचे निमित्त मानले जाते.

जबाबदारी कोणाची, या वादाचे मूळ अधिनियमाच्या कलम ३१ मध्ये आहे. या कलमाने कलम ११(१) मधील फक्त (एल), (एन) व (ओ) हे खंड आणि कलम १२ दखलपात्र ठरविले, म्हणजे त्यांत पोलिसांना विनावॉरंट अटक व स्वतःहून तपास करता येतो. खंड (एल) मध्ये प्राण्याचा अवयव तोडणे किंवा त्याला निर्दयपणे ठार मारणे येते, (एन) मध्ये झुंजीची जागा चालविणे, (ओ) मध्ये बंदिस्त प्राणी मोकळे सोडून नेमबाजीच्या स्पर्धा घेणे. कलम १२ दूध वाढविण्यासाठी केलेल्या फुक्यासारख्या (दुभत्या जनावराच्या योनिमार्गात हवा वा पदार्थ घालण्याच्या) प्रकारांना लागू होते. १९८२ च्या दुरुस्तीने त्यात इंजेक्शनांचा स्पष्ट समावेश झाला. मारहाण, अतिभार, उपाशी ठेवणे, आखूड दोरीने सतत बांधून ठेवणे हे रोजचे प्रकार मात्र अदखलपात्र राहिले. त्यांत ठाणे अंमलदार एन. सी. (अदखलपात्र तक्रार) नोंदवून घेतो, पुढील तपासाला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. विभागणीचा तर्क नेहमी कळतोच असे नाही. करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्यावर सोडणे खंड (एम) खाली येते. म्हणजे आजच्या कायद्याने आगडाचा व्यवस्थापक विनावॉरंट अटकेस पात्र ठरला असता, हत्ती झुंजविणारा साठमार नव्हे.

या अडचणीवर दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार कलम ३१ ची मर्यादा स्पष्ट असून पोलिसांनी ती ओलांडू नये. दुसरे मत असे, की प्राणी मेला किंवा जायबंदी झाला असल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ (पूर्वीची भारतीय दंड संहिता, कलमे ४२८ व ४२९) लागू होते. ते दखलपात्र आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७४ नुसार सारे प्रकरण दखलपात्र समजले जाते. दुसरे मत व्यवहाराला अधिक धरून आहे. मात्र कलम ३२५ चा आधार मालमत्तेचे नुकसान हा असल्याने बेवारस प्राण्यांच्या बाबतीत बचाव पक्षाला आक्षेप घेण्यास जागा उरते. शिवाय कलम ३४ खाली कॉन्स्टेबलहून वरच्या दर्जाचा पोलीस किंवा राज्य शासनाने अधिकार दिलेली व्यक्ती प्राणी ताब्यात घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे वा पशुवैद्याकडे तपासणीसाठी नेऊ शकते. या कलमाचा पुरेसा वापर होत नाही. फिर्यादीची मुदत गुन्ह्यापासून तीन महिने आहे (कलम ३६). पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्याची कमाल मर्यादा १९६० पासून वाढलेली नाही.

ओझ्याच्या जनावरांचे उदाहरण बोलके आहे. १९६५ च्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किग्रॅ., तट्टावर ७० किग्रॅ. व खेचरावर २०० किग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. तापमान ३७° से.च्या वर जाते अशा भागात दुपारी १२ ते ३ जनावर कामाला जुंपता येत नाही. बडोद्याचा उन्हाळा ४०° से. सहज ओलांडतो. विटा वा रेती वाहणाऱ्या गाढवाचा मालक भर दुपारी सापडला, तरी गुन्हा अदखलपात्रच.

जप्त प्राणी ठेवायचा कोठे, हा प्रश्न शिक्षेपेक्षा अवघड ठरतो. गुजरातेतील दिओदर येथील पांजरपोळीच्या (निराधार जनावरांच्या आश्रयस्थानाच्या) खटल्यात (१९९८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की खटला चालू असताना प्राणी परत मिळणे हा मालकाचा आपोआप हक्क नाही. गुन्ह्याचे गांभीर्य, पूर्वीची शिक्षा, प्राण्याची स्थिती हे सारे पाहावे. पांजरपोळींची जुनी परंपरा असलेल्या प्रदेशात प्राणी असा संस्थेकडे ठेवणे शक्य होते.

इतर यंत्रणांचे क्षेत्र मर्यादित आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण २०२३ च्या नियमांनुसार महानगरपालिकेकडे असते. विश्वामित्रीतील मगरी १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाखाली संरक्षित असल्याने त्यांची जबाबदारी वन खात्याची आहे. संक्रांतीच्या सुमारास मांजाने जखमी होणाऱ्या पक्ष्यांसाठी राज्यात जानेवारीत करुणा अभियान (पक्षी वाचविण्याची व उपचाराची मोहीम) चालते. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात क्रौर्य प्रतिबंधक संस्था असणे आवश्यक आहे. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमुळे मराठी वाचकाला परिचित असलेली मुंबईची संस्था १८७४ ची. भारतीय प्राणिकल्याण मंडळ (स्थापना १९६२) मुख्यतः सल्लागार स्वरूपाचे आहे.

परदेशांत तीन पद्धती दिसतात. इंग्लंडमध्ये १८२४ साली स्थापन झालेली क्रौर्य प्रतिबंधक संस्था (आर.एस.पी.सी.ए.) स्वतःचे निरीक्षक नेमून खटले भरते. न्यूयॉर्कमध्ये १८६६ पासून अशाच संस्थेकडे असलेले काम २०१३–१४ च्या सुमारास शहर पोलिसांकडे गेले. नेदरलँड्समध्ये २०११ पासून पोलीस दलातच खास प्राणिपोलीस आहेत. भारतात वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांवर फिर्यादीचा भार टाकण्यापेक्षा दखल व तपास पोलिसांकडे आणि सांभाळ संस्थांकडे, ही विभागणी अधिक टिकाऊ वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रसृत केलेल्या दुरुस्तीच्या मसुद्यात बरेच गुन्हे दखलपात्र करण्याची व दंड वाढविण्याची सूचना होती.