वाऱ्याने आखलेली वेगमर्यादा

सपाट रस्त्यावर सायकलचा वेग कशावर ठरतो? पायातल्या जोरावर, हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं उत्तर नवी मुंबईतल्या पाम बीच मार्गावर दुपारनंतर बेलापूरहून वाशीकडे येताना मिळतं. खाडीवरून वारा समोर आला की तीच सायकल आणि तेच पाय असूनही मांड्या भरून येतात आणि वेग काही वाढत नाही. सायकल ट्रॅकवर, म्हणजे रस्त्याकडेच्या फक्त सायकलींसाठीच्या पट्टीवर, स्कूटर का नको, हेही याच वाऱ्यावरून कळतं.

हे वॅटमध्ये मोजता येतं. ७० किलोचा माणूस १५ किलोच्या साध्या सायकलवर ताठ बसून ताशी १५ किलोमीटरने चालला, तर त्याला साधारण ५० वॅट लागतात. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त हवा बाजूला सारण्यात जातात, बाकीचे टायर आणि रस्त्याच्या घर्षणात. वेग २५ वर न्यायचा तर १५० वॅट हवेत. वेग दुप्पटही झाला नाही, कष्ट मात्र तिप्पट. कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. ताशी १० किलोमीटरचा वारा समोरून असला, तर १५ च्या वेगालाही ९० वॅटच्या आसपास मोजावे लागतात.

रोज ऑफिसला किंवा स्टेशनला जाणारा माणूस घाम न गाळता ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. जोरात असला तर १५०. आता गंमत बघा. शंभर वॅटवाला सपाटीवर २१ च्या वेगाने जातो आणि त्याच्या दुप्पट ताकदीचा, दोनशे वॅटवाला, जातो २८ ने. ताकद दुप्पट, वेग फक्त एक तृतीयांश जास्त. हवा बलवानाला मागे खेचते आणि अशक्ताला फारशी मागे पडू देत नाही. शाळकरी मुलगी, पन्नाशीचे काका, दुधाच्या पिशव्या अडकवलेला पोऱ्या, सगळे १२ ते २० च्या पट्ट्यात सापडतात. टाइट कपडे घालून पहाटे निघणारे क्लबवाले त्याच्या वर जातात, पण त्यांना ट्रॅकपेक्षा मुख्य रस्ताच बरा वाटतो.

सायकल ट्रॅक ही कल्पना या नैसर्गिक समानतेवर उभी आहे. कुणी पाटी लावलेली नाही, पोलीस उभा नाही, तरी सगळे जवळजवळ एकाच वेगाने चालतात, म्हणून दोन-अडीच मीटरची पट्टी पुरते. मोटर आली की ही समानता एका क्षणात मोडते. त्याच माणसाला, त्याच बैठकीत ताशी ४५ ने जायचं तर सातशेहून जास्त वॅट लागतात, म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती. जगातला कुठलाही सायकलपटू ती तासभर टिकवू शकत नाही. आणि साध्या ११० सीसी स्कूटरकडे पाच हजार वॅटहून जास्त असतात. मनगट जरासं पिळलं की झालं.

आता ट्रॅकवर काय होतं ते पाहू. समजा एकाच दिशेने दर शंभर मीटरवर एक सायकल आहे आणि सगळ्या १५ ने चालल्या आहेत. १८ च्या वेगाने जाणारा तासाभरात ३० सायकलींना ओव्हरटेक करेल. २५ ने जाणारा १०० सायकलींना. ४० ने जाणारी स्कूटर २५० सायकलींना. गणित सोपं आहे: वेगातला फरक गुणिले किलोमीटरमागे असलेल्या सायकली. यातला प्रत्येक ओव्हरटेक म्हणजे दोन हँडल एकमेकांजवळून जाण्याचा प्रसंग. म्हणून ट्रॅकवर सरासरी वेग किती, यापेक्षा वेगांमध्ये तफावत किती हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वेगातला फरक कमी असला की ओव्हरटेक लांबतो. पाच मीटर मागून पाच मीटर पुढे जायला १८ च्या सायकलला १२ सेकंद आणि रस्त्याचे ६० मीटर लागतात, २५ च्या वाहनाला साडेतीन सेकंद आणि २५ मीटर. म्हणजे गप्पा मारत शेजारून सरकणारे दोघं ट्रॅक जास्त वेळ अडवतात, ही जलद चालवणाऱ्यांची तक्रार खोटी नाही. फरक आहे तो सावरायला मिळणाऱ्या वेळेत. वीस मीटर मागून घंटी वाजवली, तर २५ चं वाहन शेजारी यायला सात सेकंद लागतात, तेवढ्यात पुढचा माणूस शांतपणे डावीकडे होतो. ४० च्या स्कूटरला तीनच सेकंद पुरतात. आणि विजेची गाडी असली तर मागून आवाजही नाही. युरोपात नव्या विजेच्या मोटारींना कमी वेगात कृत्रिम आवाज करणं बंधनकारक आहे. दुचाकींना तो नियम नाही.

पुढचा माणूस सरळ रेषेत चालेल असं मागचा धरून चालतो, तिथेही घोळ आहे. सायकल कधीच सरळ चालत नाही. ती सतत किंचित पडत असते आणि ज्या बाजूला पडते त्याच बाजूला हँडल वळवून आपण तिला पुन्हा आधाराखाली आणतो. शाळेत आपल्याला सांगतात की फिरणारी चाकं भोवऱ्यासारखी तोल राखतात. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी चाकांचा हा परिणाम मुद्दाम रद्द केलेली एक सायकल बनवली, ढकलून सोडली, आणि ती तरीही स्वतःचा तोल सावरत गेली. तोल राखण्यात मुख्य काम पडण्याच्या दिशेने वळण्याचं असतं. वेग जितका कमी, तितकं तोल सावरायला हँडल जास्त वळवावं लागतं. म्हणून नवशिकं मूल, चढावर दमलेला माणूस, मागे सिलिंडर बांधलेला कामगार डावी-उजवीकडे झोकांड्या खातात. तो त्यांचा निष्काळजीपणा नाही, ते यंत्रशास्त्र आहे. हँडलची रुंदी ६०-७० सेंटिमीटर असली तरी माणशी एक मीटर जागा धरावी लागते ती यामुळे. दोन मीटरच्या दुतर्फा ट्रॅकवर समोरासमोर दोघं जाऊ शकतात. त्याच वेळी तिसऱ्याने ओव्हरटेक करायला जागाच नाही. तिसऱ्याला तीन मीटर हवेत.

धडक झालीच तर हिशोब ऊर्जेचा. १५ च्या वेगातल्या सायकलस्वाराची गतिज ऊर्जा साधारण ७४० ज्यूल. ७५ किलोची कमी वेगाची ई-स्कूटर आणि तिच्यावर ७० किलोचा माणूस, वेग २५: साडेतीन हजार ज्यूल, म्हणजे जवळपास पाचपट. पेट्रोल स्कूटर ४० च्या वेगात ११ हजारांपर्यंत जाते, पंधरापट. हाच वेग उंचीत मांडला तर १५ ने आपटणं म्हणजे ९० सेंटिमीटरवरून पडणं, २५ ने अडीच मीटरवरून आणि ४० ने सहा मीटरवरून. त्यात वजनाचा अन्याय वेगळा. मूल आणि त्याची सायकल मिळून ४५ किलो, स्कूटर आणि चालक मिळून १८० किलो. दोघं एकमेकांत अडकून पुढे गेले, तर वेगात जो बदल होतो त्यातला ८० टक्के मुलाच्या वाट्याला येतो आणि २० टक्के स्कूटरच्या. चूक कुणाचीही असो, हा वाटा बदलत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा हाच आहे.

थांबायला लागणारं अंतरही पाहून घेऊ. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरला आणि सायकलचे सर्वसाधारण ब्रेक धरले, तर १५ च्या वेगाला सात मीटर लागतात, २५ ला पंधरा. पावसाळ्यात, रिम ओली असताना, २५ चे एकोणीस-वीस होतात. स्कूटरचे ब्रेक चांगले असतात, तरी ४० वर तेवीस मीटर लागतातच. आणि राँग साइडने येणाऱ्याचं काय? ३० ची स्कूटर आणि १५ ची सायकल समोरासमोर आल्या, तर अंतर सेकंदाला साडेबारा मीटरने मिटतं. झाडीमुळे वळणावर पंचवीस मीटरच दिसत असेल, तर दोघांना मिळून दोन सेकंद.

आपला कायदा या बाबतीत काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या बॅटरीवरच्या दुचाकीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत आहे, ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबर प्लेट नाही, चालवायला लायसन नको. मोटार वाहन मात्र सायकल ट्रॅकवर नेता येत नाही, हा नियम जुना आहे आणि तो स्कूटर-मोटारसायकलला सरळ लागू होतो. अडचण मधल्या गटाची आहे. पेडल मारल्यावरच मदत करणारी वीस-पंचवीस किलोची ई-सायकल आणि पेडल नसलेली, ॲक्सिलरेटर पिळून चालणारी, बॅटरीसकट ७५ किलोची स्कूटर, दोन्ही कायद्याच्या नजरेत सारख्याच. भौतिकशास्त्राच्या नजरेत त्या सारख्या नाहीत.

नेदरलँड्सला हा प्रश्न आपल्या कितीतरी आधी पडला. तिथल्या रस्ते सुरक्षा संशोधकांनी १९९२ मध्ये एक तत्त्व मांडलं: ज्यांच्या वेगात, वजनात आणि दिशेत मोठी तफावत आहे, त्यांना एका पट्टीवर एकत्र ठेवू नका. ठेवावंच लागलं, तर सगळ्यांचा वेग कमी करा. १५ डिसेंबर १९९९ पासून त्यांनी गावांत आणि शहरांत मोपेड सायकल ट्रॅकवरून काढून रस्त्यावर आणल्या. २०१७ पासून ४५ पर्यंत जाणाऱ्या वेगवान ई-सायकलींनाही मोपेडचेच नियम लागू केले. ताशी २५ ची मर्यादा असलेल्या हलक्या मोपेडना मात्र ट्रॅकवर राहू दिलं होतं. त्या मर्यादा मोडून पळवल्या जाऊ लागल्या, आणि एप्रिल २०१९ पासून ॲमस्टरडॅमने त्यांनाही रिंग रोडच्या आतल्या बहुतेक ट्रॅकवरून काढलं, हेल्मेट घालून रस्त्यावर पाठवलं. कागदावरचा २५ चा आकडा पुरेसा नाही, हा त्यातला धडा. गाडीचा वेग २५ ला अडवणाऱ्या कंट्रोलरचं लॉक काढून देणारे आपल्याकडेही आहेतच.

ट्रॅकवर स्कूटर नेणाऱ्यांत डिलिव्हरी करणारी मुलं बरीच असतात. त्यांच्यावर राग काढून काही साधणार नाही. त्यांच्या मोबाईलवर वेळ पळत असते, यू-टर्न दूर असतो, आणि मुख्य रस्त्यावर मोटारी ज्या वेगाने अंगावरून जातात त्याची भीती त्यांनाही वाटते. ४० च्या स्कूटरपुढे सायकलची जी अवस्था, तीच ८० च्या मोटारीपुढे २५ च्या ई-स्कूटरची. तिला ट्रॅकवरून हटवायचं असेल, तर रस्त्यावर जगता येईल अशी जागा द्यावी लागेल.

उपाय म्हणून आपल्याकडे लगेच दोन गोष्टी केल्या जातात आणि दोन्ही उलट्या पडतात. पहिली, ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब. स्कूटरचं हँडल साधारण ७० सेंटिमीटर, आणि आजकालच्या जाड टायरच्या सायकलींचंही तेवढंच. सायकल जाईल पण स्कूटर अडेल असं अंतर अस्तित्वातच नाही. अडते ती व्हीलचेअर आणि तीनचाकी सायकल. रात्री न दिसणाऱ्या खांबावर सायकलस्वार आपटतो ते वेगळंच. दुसरी, स्पीडब्रेकर. स्कूटरला शॉकअब्जॉर्बर असतात, ती आरामात उडी मारून जाते. हादरा बसतो साध्या सायकलवाल्याच्या कण्याला.

माझ्या मते नवी मुंबईत दोन वेगळ्या प्रकारचे रस्ते आहेत आणि त्यांना उत्तरंही दोन हवीत. पाम बीचसारख्या वेगवान रस्त्याच्या कडेला ट्रॅक पूर्ण वेगळा, किमान तीन मीटर, आणि फक्त पेडलवाल्यांचा असावा. ई-सायकलला जरूर जागा द्यावी, कारण मदत २५ ला बंद होते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीलाही वाऱ्याविरुद्ध नेरूळहून बेलापूर गाठता येतं. पेडल नसलेल्या गाडीला नाही. हा नियम राबवायला वेगाचं यंत्रही लागत नाही. पाय फिरतायत की नाही, हे कुणालाही दिसतं. त्याबरोबर राँग साइडची गरजच पडू नये म्हणून वळायच्या जागा जवळ आणाव्या लागतील.

सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, आखलेल्या नोडच्या (उपनगरांच्या) आत गोष्ट निराळी. नेरूळ, सीवूड्स, खारघरच्या सेक्टरमधल्या रस्त्यांवर अंतरं दोन-तीन किलोमीटरचीच असतात. तिथे प्रत्येकाला वेगळी पट्टी देण्याऐवजी सगळ्यांनाच ३० च्या आत आणणं शहाणपणाचं. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी मिसळतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा सुचवलेली आहे. तशा रस्त्यावर ई-स्कूटर मोटारींच्या बरोबरीने चालू शकते आणि ट्रॅकवर चढायचं कारण उरत नाही.

आपल्या भागातल्या ट्रॅकवर खरं काय चाललंय, हे मोजायला टेप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच पुरतं. ३० मीटर मोजून दोन खडूच्या रेघा ओढा आणि बाजूला उभे राहा. सव्वासात सेकंद लागले तर वेग १५, सव्वाचार लागले तर २५, पावणेतीन लागले तर ४०. एक तास सकाळी, एक तास संध्याकाळी, पेडलवाले आणि बिनपेडलवाले अशा दोन रकान्यांत नोंद करा, राँग साइडवाल्यांपुढे खूण करा. वॉर्ड ऑफिसला ‘ट्रॅकवर गाड्या येतात’ असा नुसता अर्ज देण्याऐवजी त्याला हा तक्ता जोडा, आणि जवळचा यू-टर्न किती मीटरवर आहे तेही त्यात लिहा.