कावळा, झाड आणि माध्यम

२०२१ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात कोरोनानं ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांतल्या कित्येकांनी आपल्या माणसाला शेवटचं पाहिलं ते अँब्युलन्सच्या दारात. पुढं फोनवर निरोप येत राहिले: ऑक्सिजन लावलाय, झोपलेत, थोडं जेवले. मग एक दिवस वेगळाच निरोप. देह पिशवीत गुंडाळून थेट स्मशानात गेला आणि अग्नी दिला किट घातलेल्या अनोळखी माणसांनी. खांदा नाही, तोंडात पाणी नाही, चेहरा बघणं नाही. गेलेल्या माणसाशी बोलणं करून देतो म्हणणाऱ्यांच्या दारात आज जी घरं दिसतात, त्यांची गोष्ट मला इथून सांगावीशी वाटते. लोक अडाणी आहेत म्हणून जातात, हे उत्तर सोपं आहे. मला ते पटत नाही. मी ज्यांना जाताना पाहिलं त्यांत शिक्षक होते, बँकेतले लोक होते, आणि माझी काकी होती. आयुष्यभरात ती कुठल्या बुवाच्या पाया पडली नव्हती.

मेलेल्या माणसाला विचारायची एक सोय आपल्याकडं आधीपासून आहे. रक्षाविसर्जन कोल्हापूरकरांना समजावून सांगायला नको, पण त्यातला एक भाग नीट आठवून बघावा. नैवेद्य ठेवला जातो. भाकरी-भाजी, चहाची कपबशी, तंबाखूची पुडी, जे आवडीचं होतं ते. भावकी मागं सरकते आणि वर बघत उभी राहते. कावळा येत नाही. कुणीतरी पुढं होऊन म्हणतं, "पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो." तरी येत नाही. मग ज्या भावाशी दहा वर्षं बोलणं नव्हतं तो हात जोडतो, "बांधाचं मिटवतो, आता मनात ठेवू नका." आणि कावळा उतरतो. त्याला भूक लागली म्हणून उतरला असेल. पण त्या अर्ध्या तासात जिवंत माणसं एकमेकांच्या देखत काय काय कबूल करतात, याला माझ्या लेखी फार मोल आहे. नाहीच आला कावळा, तर नैवेद्य गाईला घालून मंडळी घरी परततात. म्हणजे प्रश्न विचारायला जागा आहे, उत्तर नाही आलं तर काय करायचं तेही ठरलेलं आहे, आणि दुपारच्या आत सगळं संपतं. पैसा लागत नाही. पंचगंगा स्मशानभूमीत तर दहनाचेही पैसे घेत नाहीत. चितेच्या शेणी, म्हणजे गोवऱ्यासुद्धा लोक दान म्हणून आणून देतात.

त्या वर्षी हे सगळं तुटलं. रक्षेला दोन-तीन माणसं, तीही मास्क लावून लांब उभी. कुणाचा भाऊ गावात अडकलेला, कुणाचा मुलगा स्वतःच दवाखान्यात. जुलैत पंचगंगा पात्राबाहेर आली आणि अनेक घरांना रडायलासुद्धा कोरडी जागा उरली नाही. ज्यांचा निरोपच झाला नाही, ते निरोपासाठी दुसरं दार शोधणार. यात मला नवल वाटत नाही.

ही दारं जुनीच आहेत, नावं तेवढी बदलत गेली. खेड्यात 'बाहेरचं बघणारा' असतो, देवऋषी असतो. ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणतात. हा शब्द मला फार बोलका वाटतो. वारं कुठलंही असो, हलतं ते झाड. बोललेल्या शब्दाची जबाबदारी झाडावर येत नाही. मात्र या झाडातून बोलणारा बहुतेकदा देव असतो किंवा त्रास देणारं भूत. घरातलं जिव्हाळ्याचं माणूस गप्पा मारायला येतं, ही कल्पना वेगळ्या वाटेनं आली. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात दोन बहिणींच्या घरात टकटक आवाज येऊ लागले, त्यातून मृतात्म्यांशी बोलण्याची लाटच उसळली. त्यांतल्या एकीनं १८८८ मध्ये आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढत होतो असं जाहीर सांगितलं आणि पुढच्या वर्षी ते विधान मागंही घेतलं. तोवर लाट फार पुढं गेली होती. पहिल्या महायुद्धात लाखो तरुणांचे देह घरी आलेच नाहीत, तेव्हा युरोपात तिला पुन्हा भरती आली. देह न दिसलेलं दुःख तिथंही याच वाटेनं गेलं.

मराठीत या विद्येला 'परलोकविद्या' म्हणत, आणि घराघरात पोचलं ते प्लँचेट. वाटी किंवा नाणं पालथं, भोवती अक्षरं, तिघांची बोटं, आणि "आलात का?" वाटी कुणी मुद्दाम ढकलत नाही, तरी ती सरकते. टेबल आपोआप फिरतं या दाव्याचा छडा १८५३ मध्येच एका इंग्रज शास्त्रज्ञानं लावला होता. त्यानं हात आणि टेबल यांच्यामध्ये सहज घसरतील असे पुठ्ठ्याचे थर ठेवले, आणि टेबलाच्या आधी हात हलतात हे दिसलं. बसलेली माणसं खोटं बोलत नव्हती. आपण ढकलतोय हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

कोल्हापूरची एक वेगळी बाजूही सांगायला हवी. १९११ मध्ये इथं सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली, संस्थानाच्या पाठबळानं. देव आणि भक्त यांच्यात मध्यस्थ नको, हा तिचा गाभा. पुढची पिढीच्या पिढी त्या विचारात वाढली. आत्म्याचं बोलणं पोचवणाऱ्यासाठी आज चालणारा 'माध्यम' हा शब्द त्याच मध्यस्थाचं नवं नाव आहे, आणि तो इतका सभ्य वाटतो की सत्यशोधकी घरातल्या माणसालाही जाताना खटकत नाही. "देवऋषाकडं जातोय" म्हणायला जीभ अडखळते. "एका माध्यमांना भेटायचंय" हे ऑफिसातसुद्धा सांगता येतं.

आता कायदा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथंच सगळ्यांचा गोंधळ आहे. राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्याच्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्याचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. बंदी घातलेल्या कृत्यांच्या अनुसूचीत बारा कलमं, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. एवढं ऐकून वाटतं, आत्मा बोलावणारा सरळ आत जाईल. तसं होत नाही.

अनुसूचीतलं अंगात येण्याबद्दलचं कलम बारकाईनं वाचलं तर कळतं, नुसतं अंगात आल्याचं भासवणं हा गुन्हा नाही. त्यातून दुसऱ्याच्या मनात भीती घालणं, किंवा सल्ला ऐकला नाहीस तर वाईट होईल अशी धमकी देणं, इथं गुन्हा सुरू होतो. चमत्काराचं कलम आहे, त्यात चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि फसवणं येतं. पण "तुमचे यजमान म्हणतात, मी सुखात आहे" हा चमत्काराचा प्रयोग की सांत्वन? कीर्तन, प्रवचन, यात्रा, ज्योतिष आणि वास्तुशास्त्राचा सल्ला यांना कायद्यानं बाहेर ठेवलं. मसुदा मंजूर व्हायचा तर ते करावं लागलं, हे मला कळतं. जिवावर बेतणाऱ्या अघोरी प्रथा आधी थांबवणं गरजेचं होतं आणि त्यासाठी हा कायदा मोलाचा ठरला आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र मोजमाप भीतीचं ठरलं. शोकात असलेल्या माणसाला भीती दाखवावी लागतच नाही. त्याला आशा दाखवली की पुरतं, आणि आशेसाठी अनुसूचीत कलम नाही.

राहिलं फसवणुकीचं जुनं कलम. त्यात लबाडीचा हेतू सिद्ध करावा लागतो, म्हणजे समोरच्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नाही हे दाखवावं लागतं. ब्रिटननं १९५१ मध्ये लबाड माध्यमांसाठी वेगळा कायदा केला, त्यालाही हेतू सिद्ध करण्याची हीच अडचण होती. २००८ मध्ये तो रद्द करून हा विषय ग्राहक संरक्षणाच्या नियमांखाली आणला. सेवा म्हणून विकलंत, तर विकणाऱ्याची जबाबदारी. आपल्याकडं पैसे 'दक्षिणा' म्हणून पाकिटातून जातात, पावती नसते; ग्राहक कुणाला म्हणायचं?

काकीबरोबर मी गेलो होतो. पहिल्या मजल्यावरची खोली, फिकट निळे पडदे, दाराशी स्टीलच्या डब्यात सगळ्यांचे मोबाइल. काकांचा फोटो आणि वापरलेला शर्ट आणायला सांगितलं होतं. काकीनं शर्ट धुतलेला नव्हता. वर्षभर पिशवीत बांधून ठेवला होता, वास जाऊ नये म्हणून. माध्यम म्हणवणाऱ्या बाई शांत होत्या, आवाज मायेचा. त्यांनी डोळे मिटले आणि विचारलं, "छातीचं काही होतं का? श्वासाचं?" त्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दल हा प्रश्न कुणालाही विचारता आला असता. मग, "पाण्याचा काही संबंध येतोय." कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कुठल्या घराचा पाण्याशी संबंध नाही? पण काकीचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. "व्हय, व्हय, दुकानात पाणी शिरलेलं."

हे कसं घडतं त्यावर १९४८ मधला एक साधा प्रयोग आहे. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकानं ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं वर्णन दिलं. ते सगळ्यांना एकच होतं, पण विद्यार्थ्यांनी अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम वाक्यात आपण आपलंच भरत जातो. जिवाला लागलेलं असेल तर जास्तच. आणि गेलेलं माणूस जवळ असल्याचा भास होणं हे वेडही नव्हे. वेल्समधल्या एका डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं, त्यांतल्या जवळपास निम्म्यांना असा अनुभव आला होता. हे १९७१ मध्ये छापून आलं. बऱ्याच जणांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. जे अनेकांना आपलं आपण, फुकट आणि आपल्याच घरात जाणवतं, तेच त्या खोलीत बाहेरून विकत मिळतं.

काकी भोळी नव्हती. पर्समध्ये तिनं घडी घातलेली चिठ्ठी नेली होती. काका तिला एकांतात एका नावानं हाक मारत, ते त्यात लिहिलेलं. मला जिन्यात म्हणाली, "हे सांगितलं तर खरं. नाहीतर मला काय खुळी समजतोस व्हय?" शंका आणि आशा एकाच पर्समध्ये होत्या, आणि ती दोन्ही जपून नेत होती. तिनं नाव विचारलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "आत्मा अजून नवा आहे, शब्द जुळत नाहीत. पुढच्या अमावास्येला या."

कावळा नाही आला तर गाय असते. इथं पुढची अमावास्या असते. काकी तीनदा गेली, अकराशेच्या पाकिटाचे शेवटी एकवीसशे झाले, नाव आलं नाही. चौथ्या अमावास्येला तिनं चप्पल घातली, दारात थोडा वेळ उभी राहिली आणि परत आत आली. तक्रार करूया का, असं मी विचारलं. कायद्यात दक्षता अधिकारी असतो, पोलिस निरीक्षक दर्जाचा, त्याच्याकडं जाता येतं, हेही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आरं, बाईनं मला भ्या घातलं न्हाई, वंगाळ बोलली न्हाई. चौकीत काय लिहून देऊ? ह्यांना बोलवलं, आणि हे मला हाक मारायचे ती मारली न्हाई, आसं लिहू?"