फाइल वाटेत नेमकी कुठे बिघडते?

गेल्या महिन्यात माझी भाची रेल्वे स्थानकावर गाडीची वाट पाहत बसली होती, तेव्हा तिने तिथल्या मोफत वायफायवरून आमच्या जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम, डाउनलोड करून घेतला. घरी येऊन फाइल उघडली, तर ती या संगणकावर चालणार नाही असा संदेश आला. वायफाय कमजोर होते म्हणून फाइल करप्ट झाली, असे तिने लगेच सांगून टाकले. हे कारण आपण सगळेच इतक्या सहजपणे देतो की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. मी आधी फाइलचा आकार पाहिला. ४५ एमबी असायला हवा होता, तो होता ९ केबी. मग ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तेव्हा तिच्यात प्रोग्रॅमचा मागमूसही नव्हता. वेबपानाच्या खुणा होत्या आणि त्यांच्या मधोमध ‘मोबाइल क्रमांक टाका’ अशी स्वच्छ वाचता येणारी ओळ होती. लॉगिनची मुदत संपली होती, त्यामुळे ड्रायव्हर मागितल्यावर वायफायने स्वतःचे लॉगिनचे पान पुढे केले होते आणि डाउनलोड मॅनेजरने तेच पान ड्रायव्हरच्या नावाने जतन करून ठेवले होते.

अशा प्रसंगी दोष हवेतल्या लहरींना दिला जातो, पण त्या बहुधा निर्दोष असतात. वायफायवरून माहिती लहान लहान तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्यातील मजकुरावरून काढलेली ३२ बिटांची पडताळणी-संख्या जोडलेली असते. घेणारे यंत्र तीच संख्या स्वतः काढून पाहते. जुळली तरच पोच पाठवते, नाही जुळली तर गप्प राहते, आणि पोच न मिळाल्यामुळे पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवतो. विस्कटलेला तुकडा निव्वळ योगायोगाने या चाळणीतून निसटण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक आहे. त्यामुळे सिग्नल कमजोर असला, गर्दी असली, मध्ये भिंती असल्या, तर डाउनलोड रेंगाळते किंवा तुटते. फाइलच्या पोटातली अक्षरे मात्र त्यामुळे सहसा बदलत नाहीत.

याच्या वरच्या थरात टीसीपीची, म्हणजे दोन टोकांच्या संगणकांमध्ये माहिती क्रमाने आणि पूर्ण पोहोचवणाऱ्या नियमावलीची, आणखी एक पडताळणी असते, पण ती फक्त १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ शक्यतांची. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, खालच्या थराची पडताळणी पार करून आलेल्या पॅकेटांपैकीही (माहितीच्या तुकड्यांपैकीही) १,१०० पैकी एक ते ३२,००० पैकी एक इतकी पॅकेटे टीसीपीच्या पडताळणीत नापास होत होती. बिघाड तारेवर होत नव्हता, तर राउटर आणि संगणक यांच्या आत, म्हणजे जिथे एका टप्प्याची पडताळणी संपलेली असते आणि पुढच्या टप्प्याची अजून सुरू झालेली नसते, नेमका तिथे होत होता. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण सार्वजनिक वायफायवरच्या डाउनलोडचे बहुतेक घोटाळेसुद्धा असेच सांध्यांवर होतात.

पहिला सांधा लॉगिनच्या पानाचा. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मिळेपर्यंत वायफायचे हे जाळे तुमची प्रत्येक साधी एचटीटीपी मागणी, म्हणजे वेबवरून उघडपणे केलेली मागणी, मध्येच अडवते आणि मूळ सर्व्हरच्या नावाने स्वतःच उत्तर देते. ‘आधी या जाळ्यात लॉगिन करा’ असे यंत्रांना कळावे म्हणून २०१२ साली ५११ हा वेगळा उत्तर-क्रमांक ठरवण्यात आला. परंतु एखाद्या जाळ्याने ‘सर्व ठीक’ अशा अर्थाचा २०० क्रमांक लावूनच ते पान धाडले, तर बेसावध डाउनलोड मॅनेजर फसतो. पत्ता एचटीटीपीएसचा, म्हणजे कूटबद्ध जोडणीचा, असेल तर ही अदलाबदल गुपचूप होऊ शकत नाही, कारण मूळ सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र त्या जाळ्याकडे नसते आणि ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. तो इशारा आला तर तिथेच थांबावे, ‘तरीही पुढे जा’ कधीही दाबू नये. एचटीटीपीएसमध्ये माहितीच्या प्रत्येक खेपेवर मोहोर असते आणि वाटेत एक बिट जरी बदलला तरी जोडणी तोडली जाते, त्यामुळे वर सांगितलेली १६ बिटांची उणीवही भरून निघते.

दुसरा सांधा मुदतीचा. समजा, मोफत वापर अर्ध्या तासाचा आहे आणि वेग सेकंदाला १ मेगाबिट आहे. तर १,८०० सेकंदांत १,८०० मेगाबिट, म्हणजे जास्तीत जास्त २२५ एमबी माहिती येईल. साडेतीनशे एमबीची फाइल एका बैठकीत पुरी होणे अशक्यच. त्यातही काही सर्व्हर फाइलचा आकार आधी सांगत नाहीत, आणि मग फाइल संपली काय किंवा जोडणी तुटली काय, घेणाऱ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच दिसते. झिप फाइलचे तर आणखी एक वैशिष्ट्य आहे: आत कोणकोणत्या फाइली आहेत आणि त्या कुठे सुरू होतात याची यादी तिच्या अगदी शेवटी असते. म्हणून ९९ टक्के फाइल नीट उतरली आणि शेवटचा एक टक्का राहिला, तरी ‘ही झिप फाइलच नाही’ असे उत्तर मिळते.

सर्वांत फसवा प्रकार यांच्या संगमातून होतो. मुदत संपून डाउनलोड तुटते, मॅनेजर ‘उरलेला भाग द्या’ अशी मागणी करतो, त्या मागणीला लॉगिनचे पान उत्तर देते, आणि नीट न लिहिलेला मॅनेजर ते पान फाइलला जोडून पुढचा भाग नंतर आणतो. अशा फाइलचा आकार जवळजवळ बरोबर दिसतो, सुरुवात बरोबर असते, शेवटही बरोबर असतो. पोटात मात्र भलताच मजकूर शिरलेला असतो.

हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, लागतो. एसएचए-२५६ हे गणित फाइल कितीही मोठी असली तरी तिचे ६४ अक्षरांचे ठसे देते, आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी ते ठसे ओळखू येणार नाहीत इतके बदलतात. विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ किंवा लिनक्समधील ‘एसएचए२५६सम’ या आज्ञेने आपल्या फाइलचे ठसे काढून ते निर्मात्याने जाहीर केलेल्या ठशांशी ताडून पाहता येतात. अपघाताने झालेला बिघाड यातून पकडला जातो, हे खरे. पण २०१६ च्या फेब्रुवारीत लिनक्स मिंट या संगणक-प्रणालीच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा बदलला होता, आणि जो दुवा बदलू शकतो तो त्याच पानावरचे ठसेही बदलू शकतो. म्हणून शक्य असेल तिथे निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरीही, म्हणजे त्याच्या गुप्त किल्लीशिवाय बनवता न येणारी खूण, तपासावी.

ठसे जुळले नाहीत, तर लगेच पुन्हा डाउनलोड करण्याआधी त्याच फाइलचे ठसे आणखी एकदा काढून पाहावेत. ते पहिल्यासारखेच आले, तर फाइल नव्याने घ्यावी आणि दोन्ही प्रतींची तुलना करावी. दोन्ही प्रती एकमेकींशी जुळतात पण जाहीर ठशांशी जुळत नाहीत, असे झाले तर संशय वाटेवरच्या एखाद्या साठवलेल्या जुन्या प्रतीवर किंवा आपण भलत्याच आवृत्तीचे ठसे वाचत आहोत यावर घ्यावा. प्रत्येक प्रत वेगळी निघाली, तर डाउनलोड तुटून जोडले जात आहे असे समजून दुसरे जाळे वापरावे. आणि डिस्कवर जागची न हललेली एकच फाइल दोनदा मोजल्यावर दोन वेगळे ठसे देत असेल, तर स्थानकावरच्या वायफायचा त्याच्याशी काही संबंध नाही. आपल्याच संगणकाची मेमरी किंवा डिस्क बिघडत चालली आहे, आणि आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून मग रॅमची चाचणी घ्यायला हवी.