असेंब्लीत पाडलेलं भोक पार्टमध्ये उतरतं का?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत ड्रॉइंग करणाऱ्या पोरांकडून वर्षानुवर्षं ऐकतोय: कॅडमध्ये (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) असेंब्लीत, म्हणजे सुटे पार्ट जोडलेल्या मॉडेलमध्ये, भोक पाडलं की ते प्रत्येक पार्टच्या फाइलमध्येही जातं. तसं नाही. सॉलिडवर्क्स असो की इन्व्हेंटर (दोन्ही कॅड सॉफ्टवेअर), असेंब्ली फीचर, म्हणजे असेंब्लीत पाडलेलं भोक किंवा काप, मुळात असेंब्लीपुरतंच राहतं. पार्टची फाइल कोरीच. सॉलिडवर्क्समध्ये ते पार्टपर्यंत न्यायचा पर्याय आहे, पण टिक आपण करायची.

आणि बहुतेक वेळा ती करूच नये. गिअरबॉक्सचे दोन अर्धे घ्या. आधी बोल्टने आवळायचे, ७.८ मिमीचं ड्रिल दोन्हींतून आरपार, मग ८ एच७ रीमर (भोक नेमक्या ८ मिमी मापाला आणणारं हत्यार; एच७ म्हणजे मापातली सूट), डॉवेल पिन (दोन्ही अर्धे जागेवर धरणारी खुंटी) ठोकायची आणि त्यानंतर बेअरिंगचं बोअर, एकाच सेटिंगमध्ये. हेच पिनचं भोक सुट्या पार्टच्या ड्रॉइंगवर आलं, तर ऑपरेटर ते आधीच पाडून ठेवतो. बिचाऱ्याची काय चूक? जोडताना दोन्ही भोकं जुळत नाहीत, पिन जात नाही, जॉब भंगारात. डोळ्यांदेखत झालंय हे.

वेल्डिंगनंतरच्या मशीनिंगलाही हेच लागू. तेव्हा भोक असेंब्लीच्याच ड्रॉइंगवर दाखवा, शेजारी ‘जोडल्यावर ड्रिल व रीम’ अशी टीप लिहा आणि दोन्ही अर्ध्यांवर एकच नंबर पंच करायला सांगा, म्हणजे जोडी बदलणार नाही.